सूर्याच्या काठावरची राखण

दिग्रसमध्ये मला ‘अँटेनावाल्या मॅडम’ म्हणतात. पाठीमागे आणखी काय काय म्हणतात तेही माझ्या कानावर येतं, पण त्यासाठी भांडायला आता वेळ नाही. मी ज्युनियर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. लग्न केलं नाही, आणि पन्नाशी ओलांडल्यावर सूर्याचा नाद लागला. लोकांना या दोन गोष्टींचा काहीतरी संबंध असावा असं वाटतं. मला वाटत नाही.

खग्रास ग्रहणात सूर्याभोवती जो पांढरा किरीट दिसतो, त्याचं शास्त्रातलं नाव कोरोना. ते नाव मी गावात घेत नाही, कारण ऐकल्याबरोबर माणसं अजूनही दोन पावलं मागे सरतात. तर या किरीटातून रेडिओलहरी येतात. सूर्यावर मोठा डाग पडला की त्याच्या वरचा किरीट कधी कधी दिवसचे दिवस चरचरत राहतो. एफएमच्या पट्ट्याच्या जरा खाली रिसीव्हर लावला आणि अँटेना सूर्याकडे धरली, की तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा आवाज येतो. मी तो एका अँटेनावर दोन वर्षं ऐकला. कितीदा ऐकला तरी अंगावर काटा यायचा. प्रश्न एकच होता. हा आवाज डागाच्या किती वरून येतो? अगदी पृष्ठभागावरून, की वर किरीटात कुठेतरी उंचावरून? पुस्तकांत उत्तर आहे. मला ते माझ्या शेतातून, माझ्या हातानं मोजलेलं हवं होतं.

एका मोठ्या संस्थेतल्या ज्येष्ठ संशोधकांना मी माझ्या नोंदी पाठवल्या होत्या. त्यांचं उत्तर सभ्य होतं आणि झोंबणारं होतं. तुमच्या भागात जिनिंगच्या मोटारी असतील, विजेच्या तारा असतील. हा आवाज सूर्याचाच, आणि तोही अमुक उंचीवरचा, हे कशावरून? मी तीन दिवस धुसफुसले. चौथ्या दिवशी लक्षात आलं की विचारलंय ते बरोबरच विचारलंय. एका कानानं आवाज कुठून येतो ते कळत नाही. दोन लागतात.

दोन अँटेना पूर्व-पश्चिम रेषेत, एकमेकींपासून पावणेचारशे मीटरवर ठेवायच्या आणि दोघींच्या केबल एका रिसीव्हरला आणून जोडायच्या. सूर्य पुढे सरकतो तसे दोन्हीकडचे आवाज कधी एकमेकांना साथ देतात, कधी एकमेकांना मारतात. पडद्यावर रेघ लाटेसारखी वर-खाली होते. लाटेचं शिखर नेमकं किती वाजता आलं, यावरून आवाजाची जागा कळते. एवढंच गणित. ते मी दहा मिनिटांत शिकवू शकते. अवघड होती ती रेषा.

वडिलांनी जन्मभर कचेरीत कारकुनी केली, पण वाटणीतली तीन एकर जमीन विकली नाही. आम्ही ती मक्त्यानं देतो. तिच्या पूर्वेच्या टोकाला एक अँटेना बसत होती, मध्ये रिसीव्हरसाठी टिनाची खोली होती, आणि पश्चिमेचं टोक मात्र माझ्या थोरल्या चुलत भावाच्या शेतात, त्याच्या विहिरीजवळ जात होतं. वडील आणि काका धुऱ्यावरून भांडले होते. आमच्याकडे माणूस लग्नातला अपमान विसरतो, पण दोन शेतांमधला धुरा वीतभर सरकला तर विसरत नाही. वडील गेले, काका गेले, धुरा आणि अबोला दोन्ही राहिले.

अँटेना मी बसस्टँडजवळच्या मोटार वाइंडिंगवाल्या चाचांकडून करून घेतल्या. पंपाच्या मोटारी दुरुस्त करण्यात त्यांचा हातखंडा. माझं चित्र त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, “मॅडम, टीव्ही तो आता मोबाइलवर दिसते. ये इतना बडा कायले?” मी सूर्य म्हटल्यावर त्यांनी एकदा वर पाहिलं, मग ॲल्युमिनियमचे पाइप काढले. पुढे काही विचारलं नाही. रेषा आखायलाही तेच आले. दोरी, टेप आणि खुंट्या घेऊन आम्ही धुऱ्यावरून चाललो होतो. चाचा टेपचं एक टोक धरून उभे, मी दुसरं. आणि तेवढ्यात दादा, तोच थोरला चुलत भाऊ, समोरून आला.

“मोजनी आनली काय वं?”

कित्येक वर्षांनी तो माझ्याशी बोलत होता आणि तेही असं. दोरी, टेप, खुंट्या, अनोळखी माणूस. आमच्याकडे याचा दुसरा अर्थच होत नाही.

“मोजनी नोहे, दादा. सूर्य मोजून राह्यली मी.”

“सूर्य वरते हाये. टेप कायले खाली लावून राह्यली?”

हा प्रश्न विद्यार्थ्यानं विचारला असता तर मी खूश झाले असते. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. मी त्याला अडाणी म्हटलं, त्यानं माझ्या वडिलांचं नाव काढलं, आणि चाचांनी शहाणपणानं टेप गुंडाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या खुंट्या उपटून, मोळी बांधून, माझ्या टिनाच्या खोलीच्या दारात ठेवलेल्या होत्या. चोरल्या नव्हत्या, फेकल्या नव्हत्या. त्या मोळीचा मला जास्त राग आला.

रात्रभर विचार केला आणि सकाळी त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिले. म्हटलं, “अँटेनाचा खांब तुयाच शेतात लावतो. तुया विहिरीपाशी. केबल तुया धुऱ्यावरून येईन. तुले वाटलं का मी जमीन खाऊन राह्यली, तं त्या दिवशी उपटून फेक. हक्क तुले.”

तो दाढी खाजवत बसला. जमीन बळकावणारा माणूस आपली वस्तू दुसऱ्याच्या शेतात, दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवत नाही, हे त्याला माझ्या सगळ्या विज्ञानापेक्षा लवकर पटलं.

“अन् उपटला तं काय करशीन?”

“रडीन. दुसरं काय करीन?”

“रडून घे मंग आताच,” तो म्हणाला, आणि खांब उभा करायला स्वतः आला.

जानेवारीच्या अखेरीस सूर्याच्या पूर्व काठावर डागांचा एक मोठा घोळका वर आला. लहान दुर्बिणीतून सूर्याचं बिंब कागदावर पाडून मी रोज सकाळी डागांची जागा पेन्सिलनं काढते, तेव्हा दिसला. त्याच दुपारी किरीट चरचरायला लागला. सूर्य फिरतो, त्यामुळे असा घोळका पूर्वेच्या काठाकडून पश्चिमेच्या काठाकडे जायला साधारण दोन आठवडे घेतो आणि मागे जातो. तेवढाच माझा वेळ. डागांच्या अकरा वर्षांच्या फेऱ्यातला सूर्याचा जोर आता उतरणीला लागलेला. असा डाग पुन्हा कधी येईल, आणि आला तरी असा आवाज करील की नाही, कोणी सांगावं? आणि मीही काही वीस वर्षांची नाही.

घोळका बिंबाच्या मधोमध आला त्या दिवशी आवाजाची जागाही मधोमधच असणार, मग तो पृष्ठभागावरचा असो की उंचावरचा. डोक्यावरचा कावळा किती उंच आहे हे खालून कळत नाही. म्हणून त्या दिवशी शिखर ज्या वेळी आलं, ती वेळ मी शून्य धरली. तिथून पुढे डाग पश्चिमेला सरकेल तसं शिखर रोज थोडं लवकर येणार. आवाज डागाला चिकटलेला असेल तर डाग काठावर पोचेपर्यंत ते साधारण एक मिनिट लवकर येईल. आवाज उंच असेल तर काठाच्याही बाहेर दिसेल आणि शिखर त्याहून लवकर येईल. फरक सेकंदांचा. म्हणून त्या दिवसानंतर अँटेना हलायला नको होती, केबल ताणली जायला नको होती, आणि एकही दुपार चुकायला नको होती. मधली एक दुपार गेली की कुठलं शिखर कुठे सरकलं याचा धागाच तुटतो आणि पुन्हा शून्यापासून.

दुसऱ्याच दिवशी दुपारी पडद्यावर टक्, टक्, टक् सुरू झालं. घड्याळासारखं. पाहायची गरजच नव्हती. दादाचं झटका मशीन.

रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, पिकात येऊ नयेत म्हणून शेताभोवती तार ओढतात आणि तिच्यात हे मशीन दर सेकंदाला झटका सोडतं. जनावर मरत नाही, दचकून पळतं. दादा ते रात्री लावायचा आणि दिवसा मजूर असतात म्हणून बंद ठेवायचा. तारेवर कुठे ठिणगी पडली की मात्र तिचा आवाज माझ्या रिसीव्हरमध्ये सूर्याच्या दसपट. मी धावतच गेले.

“बंद कर, दादा! आत्ताच्या आत्ता!”

“माकडं आले,” तो म्हणाला. “हरबरा घाट्यावर आला, दाने भरून राह्यले. मांगच्या साली अर्धं वावर खाल्लं. शॉक लागला का मंग येत नाई ते.”

“मायी दुपार चालली!”

“तुयी दुपार उद्या येईन. माया हरबरा येते का उद्या?”

माझा आवाज चढायला लागला. पण तो चढवून उपयोग नव्हता. खांब त्याच्या शेतात होता आणि हक्क मीच दिला होता. मी खाली बसून तारेखालचं गवत उपटायला लागले, पण ठिणग्या गवतामुळे नव्हत्याच. खुंटांवर तार अडकवायला त्यानं प्लास्टिकच्या जुन्या पाइपचे तुकडे लावले होते, ते उन्हानं तडकले होते. ते सगळे बदलेपर्यंत सूर्याचा डागही गेला असता आणि हरभराही. घड्याळ बघितलं. शिखर यायला फार वेळ नव्हता.

“मी राखन करतो,” मी म्हणाले.

“कोन?”

“मी. रोज दुपारी, डाग जाईस्तोवर. मी वावरात उभी राहीन, तू मशीन बंद ठेवजो. एक घाटा गेला तं बोल मले.”

तो इतका हसला की त्याला खोकला आला. पण मशीन बंद केलं.

तर असं झालं की ज्या यंत्रासाठी मी तीन वर्षं जीव टाकला, ते ऐन कामाला लागलं तेव्हा मी त्याच्यासमोर नव्हते. यंत्र आपलं आपण नोंद करत होतं आणि मी हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी घेऊन हरभऱ्याच्या बांधावर उभी होते. कॉलेजचे सकाळचे तास घ्यायचे, स्कूटी दामटत शेतात यायचं, सूर्य उतरायला लागेपर्यंत डबा बडवायचा. हरभऱ्याच्या पानांवरची आंब पायांना लागून खाज सुटायची. माकडं विहिरीजवळच्या चिंचेवर बसून माझा अंदाज घ्यायची. त्यांचा म्होरक्या हुप्प्या मोठा वस्ताद होता. मी पूर्वेच्या बाजूला गेले की पश्चिमेला टोळी उतरवायचा. मी त्याला वर्गातल्यासारखी ओरडले, घरच्यासारख्या शिव्या दिल्या, एकदा चप्पल फेकून मारली आणि ती त्यानं नेली. रस्त्यानं जाणारे माझे माजी विद्यार्थी गाडी थांबवून नमस्कार करायचे आणि काय चाललंय ते विचारायचे. मी म्हणायचे, सूर्यावर काम चाललंय. ते मान डोलवायचे.

संध्याकाळी नोंद बघायची. शिखर रोज थोडं लवकर येत होतं. डाग पश्चिमेला सरकत होता आणि आवाज त्याच्या पुढे पुढे. डाग काठाला टेकला त्या दिवशी शिखर एका मिनिटानं नाही, जवळजवळ दीड मिनिटानं लवकर आलं होतं. मी आकडेमोड केली. सूर्याच्या पृष्ठभागापासून अडीच-तीन लाख किलोमीटर वर. मी ओरडले नाही. कारण सेकंदांच्या हिशेबावर ते संशोधक काय म्हणतील ते मला पाठ होतं. पृथ्वीभोवतीच्या हवेच्या वरच्या थरात रेडिओलहरी वाकतात, केबल उन्हानं तापते, तुमचा शून्यच चुकला असेल. आणि आवाज रोज क्षीण होत चालला होता.

पुढच्या सकाळी कागदावर बिंब पाडलं तर पश्चिमेचा काठ स्वच्छ. घोळका मागे गेला होता. दादा खोलीत आला, कागदावर वाकला.

“गेला ना तुया डाग? मंग आजपासून मशीन लावतो.”

ठरल्याप्रमाणे तो बरोबर होता. मी त्याचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

“दादा, खरी दुपार आजची हाये. टेकडीमांगं झाड असलं तं खोड दिसत नाई, पन शेंडा दिसते ना? डाग मांगं गेला. आवाज जर खरंच उंच असन, तं तो आजबी दिसन, काठाच्या बाहेर. मंग कोनी माया तोंडावर म्हनू शकत नाई का तुयं मोजनं चुकलं म्हनून.”

“अन् नाई दिसला तं?”

“तं लाव मशीन.”

तो दारातून हरभऱ्याकडे बघत राहिला. “आजच्या दिवस,” म्हणाला आणि गेला.

त्या दुपारी माकडांना कुठून कळलं देव जाणे. शेजारच्या शेतातली टोळीही आली. मी डबा बडवत या टोकाहून त्या टोकाला धावत होते आणि प्रत्येक फेरीला टिनाची खोली दिसत होती. आत पडद्यावर आत्ता रेघ वर चढत असेल किंवा चढत नसेल. एकदा जाऊन बघावं, नुसतं दारातून. हुप्प्या विहिरीच्या कठड्यावर येऊन बसला होता आणि मी पाठ फिरवायची वाट बघत होता. शब्द दिला होता. मला माकडाचा राग आला, दादाचा आला, हरभऱ्याचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा, कारण हा सौदा माझ्याच तोंडून निघालेला. पण मी बांध सोडला नाही. वेळ उलटून गेल्याची खात्री झाल्यावरच खोलीकडे चालू लागले. रेघ सपाट असेल तर सगळं संपलं, हे स्वतःला दारापर्यंत सांगत गेले.

रेघ सपाट नव्हती. लाट ठेंगणी होती, कालच्यापेक्षा कितीतरी ठेंगणी, पण लाट होती. शिखर कालच्याच जागी होतं, काठाच्या बाहेर, जिथे कागदावर काहीच नव्हतं.

मी जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. दादा धावत आला.

“शॉक लागला काय वं? मशीन तं बंद हाये!”

मी पडद्याकडे बोट दाखवलं. त्यानं रेघ पाहिली, मग भिंतीवरचा सकाळचा कागद पाहिला, पुन्हा रेघ पाहिली.

“डाग तं नाई हितं.”

“नाई.”

“अन् हा त्याचाच आवाज?”

“त्याचाच. वरतून.”

तो म्हणाला, “रेघ चढतानी पाह्यली काय तू?”

“कुठून पाह्यणार? तुया हरबऱ्यात होती मी.”

त्यानं बाहेर जाऊन माझा डबा आणि काठी उचलली, काठी उगाच हातात तोलून पाहिली.

“उद्या मी बसतो राखनीले,” तो म्हणाला. “तू हितं बस.”

दुसऱ्या दुपारी तो गोफण घेऊन हरभऱ्यात उभा राहिला आणि मी पडद्यासमोर बसले. रेघ कितीतरी वेळ पडूनच होती. मग जराशी हलली, खाली गेली, आणि सावकाश, फार सावकाश वर चढू लागली.

“आला काय वं?” शेताच्या पार त्या टोकाहून त्यानं ओरडून विचारलं.

मी दारात जाऊन हात वर केला, आणि रेघ उतरायच्या आत परत येऊन बसले.